गिरण्यांच्या जमिनीचे वाटे

विकास आराखड्याच्या नकाशावर कारखान्यांची जमीन जांभळ्या रंगात दाखवतात आणि राहती वस्ती पिवळ्या रंगात. एखाद्या दिवशी शासन अधिसूचना काढते आणि जांभळ्या तुकड्यावर घरे, कार्यालये, दुकाने, हॉटेले यांना परवानगी मिळते. जागेवरची एक वीटही हललेली नसते, पण जमिनीची किंमत कित्येक पटींनी वाढलेली असते. ही वाढ मालकाच्या कष्टातून आलेली नसते. निम्मी येते सरकारी सहीतून आणि उरलेली शेजारच्या वस्तीतून. कारण रस्ते, स्टेशन, पाण्याची लाइन, बाजार, शाळा हे सगळे त्या वस्तीने आणि तिच्या करांनी शंभर वर्षांत उभे केलेले असते. कारखाना गेल्यावर तिथे काय बांधावे यावर आपल्याकडे पुष्कळ वाद होतात. वाढलेल्या किमतीतले शेजाऱ्याला किती मिळावे, आणि त्याचा हिस्सा नेमक्या किती जमिनीवर मोजावा, यावर फार कमी बोलले जाते. मुंबईच्या गिरणगावात सगळा निकाल याच दुसऱ्या प्रश्नावर लागला. तिथे जे घडले तेच आता ठाणे, भांडुप, पिंपरी-चिंचवड इथे वेगवेगळ्या रूपांत घडते आहे. म्हणून तो हिशेब पुन्हा मांडायला हवा.

गिरणगावाबद्दल एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. तिथे केवळ कारखाने होते आणि नव्या धोरणाने प्रथमच ‘मिश्र वापर’ आणला, असे मानले जाते. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी स्थापली आणि दोन वर्षांनी ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. तेव्हापासून लालबाग, परळ, वरळी, भायखळा, शिवडी या पट्ट्यात जे शहर वाढले, ते मुळातच मिश्र होते. गिरणीच्या भिंतीला लागून चाळ, चाळीच्या तळमजल्यावर वाणी आणि भजीवाला, कोपऱ्यावर तालीम, पलीकडे मैदान, नाट्यगृह, भारतमातासारखे सिनेमाघर. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष गावकऱ्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळीत जात. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. इतक्या बायकांचा संसार त्या जेवणावर चालत होता. काम, घर, बाजार, कला आणि चळवळ चालत जाण्याच्या अंतरावर असणे, यालाच नगररचनाकार आज मिश्र वापर म्हणतात. गिरणगावाकडे तो होता. नव्या अधिसूचनांनी आणलेला मिश्र वापर वेगळा आहे. त्यात मॉल, कार्यालय आणि फ्लॅट एकत्र येतात खरे, पण तिन्ही एकाच उत्पन्नगटासाठी असतात.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकाएकी बंद पडल्या नाहीत. काही अर्ध्या क्षमतेने चालल्या, काहींनी खाती बंद केली, काही आजारी उद्योगांच्या यादीत गेल्या. दरम्यान यंत्रमागांची स्पर्धा वाढली होती, जुनी यंत्रे बदलायला मालक तयार नव्हते, आणि मुंबईतल्या जमिनीचा भाव कापडाच्या नफ्याला कधीच मागे टाकून गेला होता. कापड विणण्यापेक्षा गिरणी पाडण्यात जास्त पैसा आहे, हे ज्या दिवशी मालकांच्या लक्षात आले, त्या दिवसापासून कामगाराची बाजू कमकुवत झाली. त्या काळात या जमिनींभोवती रक्तही सांडले. खटाव मिलचे सुनीत खटाव यांचा 1994 मध्ये भररस्त्यात खून झाला, आणि 1997 च्या जानेवारीत स्वतः दत्ता सामंत यांचा.

1991 मध्ये मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यातला 58 क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जमिनीसाठी होता. शहरात तेव्हा 58 गिरण्या होत्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, बाकीच्या बहुतेक खाजगी मालकांकडे. सगळी मिळून जमीन सुमारे 600 एकर, तीही बेटावरच्या मुंबईच्या ऐन मध्यभागी. नियम थोडक्यात असा: गिरणीची जमीन विकासासाठी खुली करायची असेल, तर तिचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, उद्याने आणि मैदानांसाठी. दुसरा म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, परवडणाऱ्या घरांसाठी. तिसरा मालकाला, घरे किंवा कार्यालये बांधून विकण्यासाठी. वाट्यांचे प्रमाण भूखंडाच्या आकारावर ठरत असे. पाच हेक्टरांपर्यंत 33, 27 आणि 40 टक्के; पाच ते दहा हेक्टरांना 33, 34 आणि 33; त्याहून मोठ्या जमिनीला 33, 37 आणि 30. जमीन जेवढी मोठी, तेवढा मालकाचा हिस्सा लहान. विक्रीच्या पैशातून कामगारांची देणी द्यायची आणि शक्य असेल तिथे गिरणी नव्याने उभी करायची, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते.

माझ्या मते हा नियम भारतातल्या नगररचनेच्या इतिहासातल्या मोजक्या चांगल्या नियमांपैकी एक होता. जमिनीचे भांडवल अडकून पडू द्यायचे नाही आणि शहरालाही वंचित ठेवायचे नाही, ही त्याची नियत स्पष्ट होती. पण त्यात एक पळवाट राहून गेली होती. गिरणीची इमारत न पाडता, आहे त्याच बांधकामात वापर बदलला, तर वाटे करण्याचे बंधन लागत नव्हते. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये जुन्या छपराखाली बोलिंगची जागा उघडली, मग दुकाने आली, उपाहारगृहे आली आणि काही वर्षांत त्या आवारात शहरातले सर्वांत गजबजलेले मॉल उभे राहिले. शेजारच्या कमला मिलच्या आवारात कार्यालये आणि हॉटेले भरली. बाहेरून पाहणाऱ्याला गिरणीची चिमणी अजून दिसत होती. सूत मात्र कुठेच नव्हते. वापर बदलला, भाडे बदलले, आणि महापालिकेला व म्हाडाला त्या बदलातून एक चौरस मीटरही मिळाला नाही.

1996 मध्ये राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. या गटाने मांडलेला विचार साधा आणि अजोड होता. प्रत्येक गिरणीचे स्वतंत्र तीन वाटे केले, तर महापालिकेच्या हाती इकडेतिकडे विखुरलेले तुकडे येतील. कुठे गल्लीच्या टोकाला, कुठे दोन टॉवरच्या मागे. त्याऐवजी महामंडळाच्या गिरण्यांची जमीन एकत्र विचारात घ्यावी, शहराचे वाटे शेजारीशेजारी आणावेत, त्यांतून नवे रस्ते, चौक, स्टेशनांभोवती मोकळी जागा काढावी. परळच्या स्टेशनांवरची गर्दी त्या वेळीही डोळ्यांत भरणारी होती, आणि या जमिनी नेमक्या त्याच स्टेशनांना लागून होत्या. शंभर वर्षांतून एकदा मिळणारी ही संधी होती. अहवाल सरकारला मिळाला, त्यावर लेख आले, चर्चासत्रे झाली, पण अंमलबजावणी झाली नाही. मुंबईच्या मध्यभागी एक सलग सार्वजनिक जागा आखता आली असती, हे आज परळच्या कोणत्याही पुलावर उभे राहिले की कळते.

मग आला 2001 चा फेरबदल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 चा वापर करून नियम 58 बदलण्यात आला. वाट्यांची टक्केवारी जवळपास तशीच राहिली. बदलला तो ज्यावर वाटे मोजायचे तो पाया. आता वाटे केवळ ‘मोकळ्या’ जमिनीवर करायचे होते, आणि मोकळी म्हणजे ज्यावर आधीपासून बांधकाम नाही अशी. जुन्या शेड, गोदामे, कार्यालये पाडून मोकळी झालेली जमीन त्यात धरायची नाही. जेवढे बांधकाम पाडले, तेवढे पुन्हा बांधण्याचा हक्क मालकाचा, वाटे न करता.

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहता येतो. समजा दहा एकरांची एक गिरणी आहे. त्यांतल्या आठ एकरांवर शेड आणि गोदामे आहेत, दोन एकर मोकळे. 1991 च्या नियमाप्रमाणे सगळे पाडून विकास केला, तर शहराला 3.3 एकर, म्हाडाला 2.7 एकर आणि मालकाला 4 एकर मिळतात. 2001 च्या नियमाप्रमाणे वाटे फक्त दोन एकरांवर होतात. शहराला अर्ध्या एकरापेक्षा थोडे जास्त, म्हाडाला जेमतेम अर्धा एकर, उरलेले सुमारे 8.8 एकर मालकाचे. गिरण्या बांधल्याच अशा जायच्या की आवाराचा मोठा भाग शेडखाली असे. म्हणजे टक्क्यांना हातही न लावता शहराचा हिस्सा कापला गेला. इतक्या मोठ्या बदलासाठी विधानसभेत प्रदीर्घ चर्चा व्हायला हवी होती. ज्या कलमाखाली हा बदल झाला, ते आराखड्याचे मूळ स्वरूप न बदलणाऱ्या फेरबदलांसाठी आहे.

सरकारची बाजूही समजून घ्यावी लागते, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. 1991 नंतरच्या दहा वर्षांत मोजक्याच गिरण्यांनी वाटे करण्याची तयारी दाखवली होती. कामगारांची देणी थकली होती, ग्रॅच्युइटी आणि भरपाई मिळण्याआधीच माणसे मरत होती. जमीन मालकाला फायदेशीर वाटली तरच ती बाजारात येईल, तरच पैसा मोकळा होईल, असा युक्तिवाद होता. बंद गिरणी कामगार संघर्ष समितीचे दत्ता इस्वलकर आणि त्यांचे सहकारी 1989 पासून या देण्यांसाठी आणि पुढे घरांसाठी लढत होते. त्यांच्यासाठी हा दिवसाच्या जेवणाचा प्रश्न होता. पण जमीन मोकळी करण्यासाठी पाया बदलणे हाच एक मार्ग होता का? मालकाच्या वाट्याची टक्केवारी थोडी वाढवता आली असती, अतिरिक्त चटई क्षेत्र देता आले असते, देणी दिल्याशिवाय परवानगी नाही अशी अट कडक करता आली असती. या मार्गांचा विचार होऊन ते फेटाळले गेले, असे वाटावे इतकी उघड चर्चा कुठेच दिसत नाही.

2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या काही गिरण्यांचे लिलाव केले. मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे 17 एकर जमीन डीएलएफने 702 कोटी रुपयांना घेतली. सात वर्षांनी, 2012 मध्ये, तिच्यावर टॉवर उभे राहण्याआधीच, ती लोढा समूहाला सुमारे 2,727 कोटींना विकली गेली. या मधल्या वर्षांत त्या जागेत वाढले काय, तर केवळ अपेक्षा. जी वाढ शहराच्या तिजोरीत किंवा मैदानांत दिसायला हवी होती, ती दोन ताळेबंदांच्या मधल्या फरकात दिसते.

लिलावाच्याच वर्षी बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी झाली. 17 ऑक्टोबर 2005 रोजी न्यायालयाने म्हटले की मोकळ्या जमिनीत, बांधकाम पाडून मोकळी झालेली जमीनही धरावी लागेल. म्हणजे शहराचा वाटा परत मिळत होता. साडेचार महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. 7 मार्च 2006 च्या निकालाने 2001 ची दुरुस्ती, सरकारने लावलेल्या अर्थासह, वैध ठरली. आजारी गिरण्यांचे पुनरुज्जीवन आणि कामगारांची देणी यांसाठी धोरण आखणे हा शासनाचा अधिकार आहे, असा न्यायालयाचा रोख होता. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला. धोरण चांगले होते की वाईट, याचा निवाडा लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी करायचा होता. तो आपण केला नाही, निकालाला अंतिम उत्तर समजून गप्प बसलो. पुढे 2018 पासून लागू झालेल्या मुंबईच्या नव्या नियमावलीत गिरण्यांसाठीची तरतूद नियम 35 म्हणून आली, तोवर बहुतेक जमिनींचे भवितव्य ठरून गेले होते.

या सगळ्याचा शेजारच्या वस्तीवर काय परिणाम झाला, याकडे आढाव्यांत सहसा शेवटी बघितले जाते. खरे तर तिथून सुरुवात करायला हवी. गिरणी चालू असताना हजारो माणसे पाळी बदलताना रस्त्यावर येत, पण त्यांतली बहुतेक चालत घरी जात. चाळ दोन गल्ल्यांवर असे. गिरणीच्या जागी कार्यालये आली, तेव्हा तेवढीच किंवा अधिक माणसे येऊ लागली, पण विरारहून, कल्याणहून, पनवेलहून. वापर बदलला म्हणजे माणसांची संख्याच बदलते असे नाही. ती कुठून आणि कशाने येतात हे बदलते, आणि ते आराखड्याच्या रंगात दिसत नाही. परळ, एल्फिन्स्टन रोड, करी रोड, लोअर परळ ही स्टेशने गिरणगावाच्या काळात बांधलेली. त्यांचे जिने आणि पूल अरुंद. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी, पावसात, त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसे गेली. रेल्वेने पूल वेळेवर रुंद केला नाही हे खरेच. पण त्या पुलावर सकाळी इतकी माणसे का असतात, याचे उत्तर गिरण्यांच्या जमिनीवर कार्यालयांना परवानगी देताना कुणीतरी शोधायला हवे होते. कोरिया गटाला स्टेशनांभोवती जागा का हवी होती, तेही मग कळते.

तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलला आग लागून 14 जण मेले. गिरणीचे आवार कापूस आणि कामगार यांच्या ये-जा करण्यासाठी आखलेले असते. त्याच्या अंतर्गत रस्त्यांना महापालिकेच्या रस्त्यासारखी रुंदी नसते, एखाददुसरे गेट असते. त्यात एकाच रात्री हजारो ग्राहकांची गर्दी सामावायची, तर आवार नव्याने आखावे लागते. ‘आहे त्या इमारतीत वापर बदलला’ या सवलतीत हे आखणे कधीच झाले नाही. लोअर परळच्या जुन्या पुलाचेही तेच. डिलाइल रोडचा तो पूल 2018 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि पूर्णपणे खुला व्हायला 2023 चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या पाच वर्षांत तिथल्या टॉवरमधल्या आणि चाळीतल्या रहिवाशांनी एकाच वळशाने प्रवास केला. त्याच काळात आसपासचे बांधकाम मात्र थांबले नाही.

शेजारच्या चाळींमध्ये बदल सावकाश आला आणि त्यामुळे अधिक खोलवर गेला. भाडेनियंत्रणामुळे जुने भाडेकरू लगेच हलले नाहीत. पण वाणी, खानावळ, कपड्यांना इस्त्री करणारा, मशीन दुरुस्त करणारा, छापखानावाला हे गाळ्यांत होते, आणि गाळ्यांचे भाडे टॉवरच्या भावाशी स्पर्धा करू लागले. लोअर परळच्या औद्योगिक गाळ्यांमधून छोटे कारखाने निघून जाऊन तिथे डिझायनरांची दुकाने आणि जाहिरात कंपन्यांची कार्यालये आली. नवीन उद्योग वाईट नाहीत. पण आठवी-दहावी शिकलेल्या, हाताने काम करणाऱ्या माणसाला चालत जाण्याच्या अंतरावर मिळणारी नोकरी त्याचबरोबर गेली, आणि या नुकसानीची नोंद कुठल्याही परवानगीच्या अर्जात नसते. चाळीतल्या तरुणाला मॉलमध्ये सुरक्षारक्षकाची किंवा विक्रेत्याची नोकरी मिळते. तिच्यात त्याच्या वडिलांच्या गिरणीतल्या नोकरीसारखा प्रॉव्हिडंट फंड आणि युनियन सहसा नसते.

घरांचा हिशेब तर आकड्यांतच बोलतो. म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवरची घरे माजी कामगारांना सोडतीने द्यायची असे ठरले. पहिली मोठी सोडत जून 2012 मध्ये निघाली, 6,925 घरांची. त्यानंतर 2016 मध्ये दोन सोडती आणि मार्च 2020 मध्ये बॉम्बे डाईंग, स्प्रिंग आणि श्रीनिवास गिरण्यांच्या जागेवरील 3,894 घरांची. सगळे मिळून 15,870 घरे, त्यांतली 2,417 पनवेलजवळच्या कोनला. मुंबईत मिळालेले घर 225 चौरस फुटांचे. अर्जदार मात्र पावणेदोन लाखांच्या घरात. म्हणजे दहातल्या एकालाही घर मिळालेले नाही. आता उरलेल्यांसाठी कर्जत मार्गावरच्या शेलू आणि वांगणीचा प्रस्ताव पुढे आहे. त्याविरुद्ध वृद्ध कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात उतरले, तेव्हा त्यांची मागणी अवाजवी वाटण्याचे काही कारण नाही. ज्या जमिनीवर आयुष्य घातले, तिचा एक वाटा परवडणाऱ्या घरांसाठी राहील असे राज्याच्या नियमानेच 1991 मध्ये सांगितले होते. तो वाटा 2001 मध्ये कापला गेला नसता, तर शेलूचा प्रश्नच इतका टोकाला आला नसता.

काही जमिनी लोकांच्या रेट्यामुळे सार्वजनिक कामासाठी राखल्या गेल्या. दादरच्या इंदू मिलची सुमारे बारा एकर जागा बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाला मिळाली, तीही वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना झाली. दोन्ही उदाहरणे हेच दाखवतात की नियम क्षीण झाला, की प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी चळवळ करावी लागते. ज्या वस्तीकडे संघटना आहे, तिलाच मग काही मिळते.

नियम मजबूत ठेवला तर काय होते, याचे एक उदाहरण बार्सिलोनात आहे. तिथला पोब्लेनौ हा भाग गिरण्यांमुळे कॅटालोनियाचे मँचेस्टर म्हणून ओळखला जाई. 2000 मध्ये महापालिकेने तिथे ‘22@’ ही योजना आणली. सुमारे 200 हेक्टर औद्योगिक जमिनीवर कार्यालये, संशोधन संस्था आणि घरे यांना परवानगी दिली. मालकांना जास्त बांधकामाचा हक्क मिळाला आणि त्या बदल्यात जमिनीचा सुमारे 30 टक्के भाग उद्याने, सार्वजनिक सोयी आणि परवडणारी घरे यांसाठी द्यावा लागला. शेड असलेली जमीन वगळून नाही. औद्योगिक पट्ट्यात आधीपासून नियमबाह्य म्हणून राहत असलेल्या सुमारे 4,600 घरांना मान्यता मिळाली. ही योजना निर्दोष नव्हती. भाव वाढले, कान रिकार्ट नावाच्या जुन्या कारखान्यातल्या छोट्या कार्यशाळा उठवल्या गेल्या, त्याविरुद्ध शेजाऱ्यांनी मोठे आंदोलन केले आणि इमारतीचा काही भाग वाचवला. पुढे घरांचे प्रमाण वाढवण्यासाठी योजना पुन्हा बदलावी लागली. पण तिथे भांडण झाले ते वाट्यातून काय बांधावे यावर, वाटा असावा की नसावा यावर नाही.

आता जांभळ्या रंगाचा पिवळा होणे गिरणगावापुरते उरलेले नाही. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही बाजूंचे कारखाने टप्प्याटप्प्याने मॉल आणि टॉवर झाले. ठाण्याच्या पोखरण रस्त्यावरचा रेमंडचा कारखाना 2009 मध्ये बंद झाला आणि त्या विस्तीर्ण जागेवर वसाहत उभी राहू लागली. पिंपरी-चिंचवडमध्ये कंपन्या चाकणकडे सरकतात तशा आतल्या औद्योगिक जागा निवासीकडे वळतात. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना 2020 पासून लागू झालेल्या एकत्रिकृत नियमावलीतही औद्योगिक जमिनीचा निवासी वापर करताना काही सुविधा क्षेत्र सोडण्याची अट आहे. अट आहे हे चांगलेच. पण ते क्षेत्र कुठे सोडायचे, याकडे रहिवाशांनी बारकाईने बघावे. कोपऱ्यात, उताराला किंवा दोन इमारतींच्या मागे सोडलेल्या जागेला रस्ताच नसतो. कागदावर ते उद्यान होते, प्रत्यक्षात ते सोसायटीचे पार्किंग होते.

डोंबिवलीत उलटा धोका दिसतो. तिथे कारखाने गेले नाहीत. घरे मात्र त्यांच्या अंगाला येऊन भिडली. 26 मे 2016 रोजी प्रोबेस कंपनीतल्या स्फोटात 12 जण दगावले, आणि 23 मे 2024 रोजी अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट होऊन माणसे मेली. आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. रासायनिक उद्योग आणि राहती घरे यांच्यात मोकळा पट्टा ठेवण्याचे तत्त्व जुने आहे. जमीन मिळेल तिथे बांधण्याच्या घाईत तोच पट्टा आधी खाल्ला जातो. म्हणून औद्योगिक जमीन निवासी करताना शेजारी अजून काय चालू आहे, हे त्या जमिनीइतकेच महत्त्वाचे आहे. एका भूखंडाचा रंग बदलला, की पलीकडच्या चालू कारखान्याविरुद्ध वासाच्या आणि आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. तो कारखाना हळूहळू हुसकला जातो, मग त्याच्याही जमिनीचा वापर बदलायची मागणी येते. एका परवानगीतून पुढच्या चार परवानग्या जन्मतात, आणि त्यांत शेकडो नोकऱ्या जातात.

मातीचाही विचार करावा लागतो. रंगकाम, गॅल्व्हनायझिंग, रसायने यांनी दशकानुदशके वापरलेली जमीन मुलांच्या खेळण्यासाठी देण्याआधी तपासायला हवी. याविषयी आपल्याकडे बराच काळ स्वतंत्र नियम नव्हते. 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. गिरण्यांच्या काळात हे नियम असते, तर फ्लॅट विकण्याआधी माती बघणे हा परवानगीचा भाग होऊ शकला असता.

म्हणून मला वाटते, यापुढे अशी प्रत्येक अधिसूचना शेजाऱ्यांनी चार ओळी तपासून वाचावी. कलम 37 खाली फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येते आणि हरकती व सूचना देण्यासाठी साधारण एक महिना असतो. बहुतेक वस्त्यांना ती सूचना आल्याचे कळत नाही, किंवा कळले तरी तिच्यातली भाषा इतकी किचकट असते की कोणी पुढे वाचत नाही. तरी बघायचे ते कठीण नाही. सोडायच्या जागेची टक्केवारी भूखंडाच्या एकूण क्षेत्रावर आहे, की शेड वगळून उरलेल्यावर, हे पहिले. कारण 2001 ला गिरणगावात नेमके तिथेच सगळे निसटले. ती जागा सार्वजनिक रस्त्याला लागून आहे का, स्टेशन किंवा शाळेपर्यंत नवा रस्ता तिच्यातून निघू शकतो का, हे दुसरे. कामगारांची देणी दिल्याचा पुरावा परवानगीच्या आधी मागितला आहे का, हे तिसरे. आणि सुविधा क्षेत्राचा ताबा महापालिकेकडे कधी जाणार, पहिल्या टॉवरच्या भोगवटा प्रमाणपत्राआधी की सगळे टॉवर विकून झाल्यावर, हे चौथे. अधिसूचनेत ताब्याची तारीख नसेल, तर तीच पहिली हरकत लेखी नोंदवावी आणि पोच घ्यावी.